पायगाडीवरील गस्त
मोझरीच्या सडकेवरच्या एका जुन्या पाहऱ्याची हकीकत



ज्युबिलीच्या या स्मरणिकेसाठीं जुन्या काळचा कांहीं इतिहास मीं लिहावा, असें समितीनें सुचविलें तेव्हां मीं आनंदानें होकार दिला. परंतु देवळाची कोनशिला, घंटा, शाळा आणि येथें सेवा करून गेलेले धर्मगुरु यांविषयींची माहिती या अंकांत अन्यत्र, माझ्यापेक्षां अधिक जाणत्या हातांनीं लिहिलेली आहे. तीच पुन्हां सांगण्यांत हंशील नाहीं. म्हणून मीं निराळा विषय निवडला असून तो वाचून कित्येकांस हंसूं येईल. सायकलवरून गस्त घालणारा पोलीस, हा तो विषय होय. धर्मगुरूनें पोलिसांविषयीं लिहावें, आणि तेंही ज्युबिलीच्या अंकांत, हें प्रथमदर्शनीं विचित्र दिसतें खरें. तथापि गेल्या पावसाळ्यांत आपल्या धर्मग्रामांत जी एक गोष्ट घडली, तिनें मला या विषयाकडे वळविलें. ती गोष्ट मी योग्य ठिकाणीं सांगेन.

सायकल हा शब्द आज सर्वांच्या तोंडीं आहे. परंतु जुन्या मराठींत तिला पायगाडी म्हणत, आणि मला तो शब्द अधिक आवडतो. पायांनीं चालते ती पायगाडी, इतकें तें सरळ नांव आहे. गस्त हा शब्द फारसीतून आलेला असून त्याच्या मुळाशीं नुसतें फिरणें एवढाच अर्थ आहे. पहारेकरी एका जागीं उभा राहतो, गस्तवाला फिरतो. आणि फिरणारा कोणत्या गतीनें फिरतो, यावर त्याला काय दिसावें व काय दिसूं नये, हें पुष्कळसें अवलंबून असतें. मला मुख्यतः या गतीविषयींच बोलावयाचें आहे.

आपलीं कुटुंबें ज्या सडकेच्या दुतर्फा विखुरलेलीं आहेत, ती अमरावतीहून नागपुराकडे जाणारी सडक होय. अमरावतीपासून सुमारें ३५ किलोमीटरांवर, तिवसा तालुक्यांत, मोझरी हें गांव लागतें. आणि तेथेंच तुकडोजी महाराजांनीं १९३५ सालीं वसविलेला गुरुकुंज आश्रम आहे. आज या सडकेवरून मोटारी वाऱ्यासारख्या धांवतात. ज्यानें या सडकेवर बैलांची दमणी आणि तिच्या मागून येणारी पायगाडी पाहिली आहे, असा मनुष्य आतां साठीच्या घरांत आला आहे किंवा ती ओलांडून गेला आहे.

पोलीस येण्यापूर्वीं या प्रांतांत राखण नव्हती, असें मात्र कोणी समजूं नये. वऱ्हाडांतील कित्येक गांवांत जुन्या गढ्या अजून ढासळत्या स्थितींत उभ्या दिसतात. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं पेंढाऱ्यांच्या टोळ्या या मुलखांत धुमाकूळ घालीत, तेव्हां घरांतील दाणागोटा आणि लेकरें घेऊन गांव त्या गढींत शिरत असे. अमरावतीचा परकोट तरी दुसऱ्या कशासाठीं बांधला? व्यापाऱ्यांची ती श्रीमंत पेठ लुटारूंपासून वांचावी म्हणून निजामाच्या अमदानींत १८०७ सालीं त्याचें काम सुरू झालें. भिंतीला कान असतात, असें आपण म्हणतों. पण चोर ओळखावयास डोळे लागतात, आणि ते मात्र भिंतीस नसतात. गांवाचे डोळे म्हणजे जागल्या आणि वेशीवरचा महार.

या माणसाच्या कामाची यादी मोठी होती. परका मनुष्य गांवांत शिरला तर त्याची चौकशी त्यानें करावी, चोरी झाली तर पावलांचा माग शिवेपर्यंत त्यानें काढावा, सरकारी सांगावा पुढच्या गांवीं त्यानें पोहोंचवावा, आणि दोन शेतांच्या हद्दीविषयीं तंटा झाला तर साक्षही त्याचीच घ्यावी. दिवस असो, रात्र असो, त्याला नकार देण्याची सोय नव्हती. सगळ्या गांवाचें ज्यानें रक्षण करावयाचें त्यानें स्वतः मात्र वेशीबाहेर राहावयाचें, विहिरीला हात लावावयाचा नाहीं, आणि मोबदला म्हणून भाकरीसाठीं दारोदार हिंडावयाचें, असा हा न्याय होता! मुंबई इलाख्यांतील महार वतनाची ही वेठ मोडावी म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं १९२८ सालीं तेथील कायदेमंडळांत विधेयक आणलें. अशीं वतनें रद्द करणारा कायदा व्हावयास १९५८ साल उजाडावें लागलें. आपल्या धर्मग्रामांतील कांहीं घराण्यांत ही आठवण अजून ताजी आहे, आणि ती तशी राहावी, असें मला वाटतें. राखणीचा इतिहास सांगतांना पहिलें नांव पोलिसाचें नव्हे, यांचें घेतलें पाहिजे. रात्रीं शेतांत पिकाची राखण करण्यास वऱ्हाडांत आपण अजून जागलीला जाणें म्हणतों. तो शब्द त्यांच्याच पाठीमागें उरला आहे.

१८५३ च्या तहानें निजामानें वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखालीं दिला. पुढें १८६१ च्या कायद्यानें हिंदुस्थानांतील आजच्या पोलीस दलाचा पाया घातला गेला. या व्यवस्थेंत ठाणें एके ठिकाणीं आणि त्याच्या हद्दींतील खेडीं दूरदूर पसरलेलीं. अधिकारी घोड्यावर, शिपाई पायीं. शिपाई एखाद्या गांवीं चोरीच्या चौकशीसाठीं पोहोंचे तोंपर्यंत चोर दुसऱ्या जिल्ह्यांत जाऊन कापूस विकूनही मोकळा होई.

पायगाडी आली ती या अडचणीवर उपाय म्हणून, पण आपल्याकडे पुष्कळ उशिरां. इंग्लंडांत स्टार्ली नांवाच्या कारागिरानें १८८५ सालीं दोन सारख्या चाकांची व साखळीनें फिरणारी गाडी बाजारांत आणली, आणि तीन वर्षांनीं डनलॉप यानें हवा भरलेला टायर काढला. या दोन युक्तींनीं पायगाडी सामान्य मनुष्याच्या उपयोगाची झाली. पोलिसांनीं ती लवकरच हेरली. न्यूयॉर्क शहरांत थिओडोर रूझवेल्ट हे पोलीस-आयुक्त असतांना १८९५ सालीं सायकलवाल्या शिपायांचें पथक निघालें. उधळलेले घोडे आणि बेफाम हांकलेल्या बग्ग्या अडविणें हें त्यांचें मुख्य काम असे. हेच रूझवेल्ट पुढें अमेरिकेचे अध्यक्ष झाले. इंग्लंडांतील केंट परगण्याच्या पोलिसांनीं १८९६ सालीं वीस सायकली विकत घेतल्या. आणि आपल्या दृष्टीनें महत्त्वाचें हें कीं, तेथें तिचा उपयोग मुख्यतः खेड्यापाड्यांच्या गस्तीसाठीं होऊं लागला.

आपल्याकडे मात्र बराच काळ ही गाडी विलायतेहून येणारी चैनीची वस्तु होती. डॉक्टर, वकील, एखादा शाळा-तपासनीस किंवा मिशनचे फादर एवढ्यांच्याच दारीं ती दिसे. शिपायाच्या आवाक्यांत ती पुरतेपणीं आली ती देशांतच मोठाले कारखाने निघाल्यावर. मद्रासेस टी. आय. सायकल्सचा १९४९ सालीं, सोनिपतास ॲटलसचा १९५१ सालीं आणि लुधियान्यास हीरोचा १९५६ सालीं. त्यानंतरच्या तीस वर्षांत दूधवाला, टपालवाला, मास्तर आणि हवालदार हे चौघेही एकाच तऱ्हेच्या काळ्या सायकलीवरून एकाच रस्त्यानें जाऊं लागले. सरकारचा मनुष्य आणि दूधवाला यांचें वाहन एकच असावें, अशी वेळ आपल्या इतिहासांत क्वचितच आलेली आहे.

तत्पूर्वींची एक कडू हकीकत येथें टाळतां येणार नाहीं. १९४२ च्या ऑगस्टांत चले जाव चळवळीचा वणवा या भागांत पेटला. तुकडोजी महाराज खंजिरीवर भजनें गात गांवोगांव हिंडले होते. त्या भजनांनीं पेटलेले लोक आष्टी आणि चिमूर येथें १६ ऑगस्ट रोजीं सरकारी सत्तेवर चालून गेले. आपल्या जिल्ह्यांतील यावली आणि बेनोडा हीं गांवेंही त्या लाटेंत होतीं. गोळीबार झाले, सामान्य माणसें मेलीं, पोलीसही मेले. नंतर चिमुरास जे अत्याचार झाले, त्यांची चौकशी व्हावी म्हणून प्राध्यापक भन्साळी यांनीं त्रेसष्ट दिवसांचें उपोषण केलें. महाराजांनाही त्याच महिन्यांत अटक होऊन नागपूर व रायपूर येथील तुरुंगांत ठेवण्यांत आलें.

हें सांगण्याचें कारण असें कीं, गांवाची ओळख असलेला शिपाई ही गोष्ट नेहमीं गोडच असते, असें नाहीं. ज्याला प्रत्येक घर ठाऊक, त्याला काल रात्रीं कोणाच्या घरीं कोण जेवून गेलें, हेंही कळूं शकतें. भाकरी कोठें मिळते हें सांगणारी ओळख, वॉरंट कोठें बजवावें हेंही सांगते. पुण्याच्या घाशीराम कोतवालाला शहराची माहिती कमी का होती? पण ती माहिती लोकांसाठीं नव्हती, लोकांविरुद्ध होती; आणि १७९१ सालीं त्याच शहरानें त्याला दगडांनीं ठेंचून मारिलें. म्हणून पायगाडीवरच्या पोलिसाची मी जी स्तुति करणार आहें, ती वाचतांना वाचकांनीं बेचाळीस साल विसरूं नये. मीही विसरलेलों नाहीं.

तुकडोजी महाराज तुरुंगांतून सुटून आले, स्वातंत्र्य आलें, आणि १९५५ सालीं त्यांची ग्रामगीता प्रसिद्ध झाली. तिच्या एकेचाळीस अध्यायांपैकीं एक अध्याय ग्रामरक्षणाचा आहे. ज्यानें पोलिसांचा हात स्वतःच्या खांद्यावर पडलेला अनुभवला, त्यानें पोलीस नकोत असें न म्हणतां, राखण ही गांवानें स्वतः शिकावयाची विद्या आहे, असा विचार मांडावा, हें मला फार मोठें वाटतें. धर्म निराळा असला तरी शेजाऱ्याचें चांगलें म्हणावयास आपण संकोच करूं नये. पाटीलकीही याच सुमारास बदलली. मुलकी पाटलाचें पद १९६२ च्या कायद्यानें गेलें. १९६७ च्या ग्राम पोलीस अधिनियमाखालीं जो पोलीस पाटील आला, तो नेमणुकीचा, वंशपरंपरेचा नव्हे.

आतां माझ्या स्वतःच्या आठवणीकडे वळतों.

माझ्या बालपणीं, म्हणजे १९७५ ते १९८० च्या दरम्यान, आमच्या गांवीं महिन्यांतून दोन-तीनदां बीटाचा एक हवालदार येत असे. त्याचें नांव मी देत नाहीं. त्याचीं नातवंडें याच भागांत आहेत. गाडी काळी, उंच दांडीची. मागच्या कॅरिअरला लाठी बांधलेली, हँडलला कापडी पिशवी. पोलीस पाटलाच्या घरीं वहींत सही करावी, दोन शब्द बोलावे व पुढच्या गांवीं निघावें, एवढेंच त्याचें सरकारी काम. पण वऱ्हाडची जमीन त्याला एवढ्यावर सुटूं देत नसे. मृगाचा पाऊस पडला कीं काळी माती चाक आणि मडगार्ड यांच्यामध्यें अशी गच्च बसे कीं चाक फिरेना. मग हवालदार खालीं उतरून काडीनें माती उकरी, चार पावलें ढकली, पुन्हां उकरी, आणि शेवटीं गाडीच खांद्यावर घेऊन गांवांत शिरे. जिच्यावर बसून यावयाचें तिलाच वाहून आणणारा हा सरकारचा प्रतिनिधि पाहून आम्हां पोरांची भीति पार नाहींशी होई.

उन्हाळ्यांत बाभळीचे कांटे. पायवाटेवर पंक्चर ठरलेलेंच. गांवांत सायकल दुरुस्त करणारा एकच, आणि त्याचें दुकान आमच्या वस्तीच्या तोंडाशीं. तो घमेल्यांत पाणी घेऊन ट्यूब बुडवी, बुडबुडे कोठून येतात तें पाही, मग काचकागदानें घांसून ठिगळ लावी. आणि तें वाळेपर्यंत हवालदार तेथेंच बाजेवर बसून राही. त्या अर्ध्या तासांत त्याला जें कळे, तें ठाण्यांत बसून सहा महिन्यांत कळलें नसतें. कोणाच्या धुऱ्यावरून कुरबूर चालली आहे, कोणाची सून माहेरीं गेली ती परत आली नाहीं, कोणाच्या मळ्यांत रात्रीं धूर दिसतो, हें सर्व न विचारतां त्याच्या कानीं पडे. बाभळीच्या कांट्यानें या तालुक्यांत कायद्याची जेवढी सेवा केली आहे, तेवढी पुष्कळ अंमलदारांनींही केली नसेल!

आणखी एक गोष्ट. तो आमच्या वस्तींत बसे आणि आमच्याच कपांतून चहा घेई. त्या काळीं गांवांतील सर्वच जण तसें करीत नसत. माझी आई पुढें पुष्कळ वर्षें त्याची आठवण काढी, ती एवढ्याच कारणासाठीं.

एकदां दोन भावांमध्यें धुऱ्यावरून कुऱ्हाडी निघाल्या. हवालदार योगायोगानें त्या वाटेनें येत होता. त्यानें पायगाडी दोघांच्या मधोमध आडवी टाकली, स्वतः तिच्याजवळ ढेकळांत बसला, आणि घाम पुसत थोरल्यास विचारलें, “बुढीची तब्येत कशी हाय रे?” त्यांची आई आठ दिवस अंथरुणास खिळली होती, हें त्याला मागल्या फेरींत कळलें होतें. थोरला कांहीं बोलला नाहीं. धाकट्यानें कुऱ्हाड खालीं ठेवली. तंटा त्या दिवशीं मिटला असें नाहीं. तो पुढें कोर्टांत गेला व वर्षानुवर्षें चालला. पण रक्त सांडलें नाहीं. हवालदार साधुपुरुष होता, असेंही मला म्हणावयाचें नाहीं. हातभट्टीवाल्याशीं त्याचें कांहीं संगनमत असावें, अशी कुजबुज मोठ्या माणसांत चाले. असो.

पुढें मोटारसायकली आल्या, जीपगाड्या आल्या, बिनतारी यंत्रें आलीं. शहरांत बीट मार्शल फिरूं लागले. २०२१ पासून आपल्या राज्यांत ११२ हा एकच क्रमांक फिरविला कीं मदतीची गाडी निघते. हें सर्व चांगलें आहे, आणि त्याची थट्टा करणारा मनुष्य एकदां तरी रात्रीं संकटांत सांपडला पाहिजे, म्हणजे त्याला त्याचें मोल कळेल. सायकल मात्र हळूहळू कागदावर उरली. उत्तर प्रदेशांत पोलिसांना सायकलभत्ता म्हणून महिना २०० रुपये मिळत. तो बदलून मोटारसायकलीसाठीं ५०० रुपये देण्याची घोषणा तेथील सरकारनें २०२२ सालीं केली. शिपाई सायकल सोडून कित्येक वर्षें झालीं होतीं, भत्त्यानें ती एवढ्या उशिरां सोडली.

आतां गेल्या पावसाळ्यांतील ती गोष्ट.

आपल्या धर्मग्रामांतील एक वृद्ध विधवा सडकेलगतच्या घरांत एकटी राहात असे. मुलगी नागपुरास दिलेली. एका संध्याकाळीं ती न्हाणींत पाय घसरून पडली. मांडीचें हाड मोडलें, उठतां येईना, फोन आंतल्या खोलींत. झड लागलेली होती. पावसाच्या आवाजांत तिची हांक कोणास ऐकूं गेली नाहीं. दोन रात्री आणि त्यांमधला एक दिवस ती तशीच ओल्या फरशीवर होती. त्या दोन्ही रात्रीं गस्तीची गाडी सडकेवरून गेली. शेजाऱ्यांनीं तिचा दिवा पाहिला. तिचें काम सडक पाहण्याचें, आणि सडकेवर सर्व ठीक होतें. तिला दोष देण्याचें कारण नाहीं. तिसऱ्या दिवशीं सकाळीं सायकलवरून दूध घालणारा एक पोरगा आला. पावसामुळें आदल्या दिवशीं त्याचा खाडा झाला होता. दुधाचें भांडें नेहमींप्रमाणें ओट्यावर नाहीं, हें त्यानें पाहिलें; सायकल भिंतीला टेंकली आणि दार वाजविलें.

मी तिला भेटावयास दवाखान्यांत गेलों. आशीर्वाद दिल्यावर ती माझा हात धरून म्हणाली, “फादर, तुमच्या फटफटीचा आवाज मले आयकू येत होता.” त्या दोन दिवसांत मी तिच्या दारावरून तीन वेळां गेलों होतों. एकदां तर पलीकडच्या गांवीं एका आजाऱ्यास पवित्र साक्रामेंत देण्यासाठींच, आणि घाईनें. तिनें तें तक्रार म्हणून सांगितलें नाहीं. माझी फटफटी ओळखूं येते, याचें तिला समाधान होतें. नाताळापूर्वीं ती देवाघरीं गेली.

त्यानंतर मीं या विषयावर जें हातीं लागेल तें वाचूं लागलों, आणि माझ्या ध्यानांत आलें कीं, हा प्रश्न आपल्या सडकेपुरता नाहीं. अमेरिकेंतील कॅन्सस सिटी येथें १९७२-७३ सालीं पोलिसांनीं एक प्रयोग केला. कांहीं भागांतील मोटारींची गस्त दुप्पट-तिप्पट वाढविली, कांहीं भागांतील ती पार बंद केली, आणि कांहीं भागांत पूर्वींप्रमाणेंच ठेवली. वर्षानंतर पाहतात तों गुन्ह्यांत फरक नाहीं, लोकांच्या भीतींत फरक नाहीं; इतकेंच नव्हे तर गस्त वाढली कीं घटली, हें बहुतेक रहिवाशांस कळलेंही नव्हतें! पुढें १९७८-७९ सालीं न्यूअर्क शहरांत शिपायांना पायीं फिरविलें. तेथेंही चोऱ्या कमी झाल्या नाहींत, हें प्रामाणिकपणें सांगितलें पाहिजे. परंतु शिपाई आला हें लोकांनीं ओळखलें, आणि त्यांची भीति उणावली. चोरी तेवढीच आणि भीति कमी, हा लाभ कित्येकांस क्षुल्लक वाटेल. जो म्हातारा मनुष्य अंधार पडतांच दाराला आंतून कडी घालून बसतो, त्याला विचारावें.

पायगाडी पुन्हां आली ती १९८७ सालीं सिॲटल शहरांत. भुयारी मार्गाच्या कामामुळें रस्ते खणलेले, पोलिसांच्या मोटारी गर्दींत अडकून पडलेल्या. तेव्हां पॉल ग्रेडी आणि माइक मिलर या दोन शिपायांनीं सायकलवरून फिरूं देण्याची परवानगी मागितली. गाडी आवाज करीत नाहीं, बोळांतून जाते, आणि तीवरचा मनुष्य थांबवितां येतो. हें पाहून अनेक शहरांनीं त्यांचें अनुकरण केलें. जपानांत तर ही रीत मोडलीच नाहीं. तेथें १८७४ पासून मोहल्ल्यामोहल्ल्यांत लहान चौक्या आहेत. चौकीचा शिपाई आजही सायकलवर निघतो, आणि खेड्यांतील चौकींत तर तो बायकामुलांसह राहतो. तुकडोजी महाराज १९५५ सालीं जागतिक धर्मपरिषदेसाठीं जपानास गेले होते. तेथील रस्त्यांत असा एखादा शिपाई त्यांच्याही दृष्टीस पडला असेल काय, हा विचार माझ्या मनांत वारंवार येतो.

तीवरचा मनुष्य थांबवितां येतो, हे शब्द वर सहज लिहून गेलों, पण माझ्या मतें सर्व मर्म तेथेंच आहे. पायीं चालणारा सर्वांना थांबवितां येतो, परंतु तो दूर पोहोंचत नाहीं. मोटारीवाला दूर पोहोंचतो, परंतु त्याला थांबविण्यास हात करावा लागतो, हात करण्यास कारण लागतें, आणि न्हाणींत पडलेल्या म्हातारीला हातही करतां येत नाहीं. पायगाडीवाला पोहोंचतोही आणि ओट्यावरचें भांडेंही पाहतो. आपल्या पूर्वींच्या फादरांनीं या खेड्यांतून धर्मग्राम उभे केले, ते बैलगाडीनें, पायीं आणि पुढें पायगाडीनें फिरून. १९५५ सालीं अमरावतीचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला, तेव्हांही बहुतेक खेड्यांस पक्का रस्ता नव्हता. त्यांना घरोघरचीं माणसें नांवानिशीं ठाऊक असत, यांत त्यांच्या पवित्रतेचा भाग होताच. पण थोडा भाग चिखलाचा आणि पंक्चरचाही असावा, असें मला आतां वाटूं लागलें आहे.

ज्युबिलीच्या समितीपुढें मीं एक मागणी ठेवली होती, ती मान्य झाली आहे. रोषणाईच्या खर्चांतून कांहीं रक्कम वांचवून सहा जुन्या सायकली घेतल्या असून त्या देवळामागच्या पडवींत ठेवल्या आहेत. त्यांपैकीं दोन बिनदांडीच्या आहेत, कारण मुलींनींही नांवें दिलीं आहेत. संध्याकाळच्या घंटेनंतर दोघां-दोघांनीं निघावें, एकट्यानें राहणारीं जीं सतरा घरें आहेत त्यांच्या दारीं थांबावें, हांक मारावी, उत्तर ऐकावें आणि मगच पुढें जावें, एवढेंच काम आहे. हीं सर्वच घरें आपल्या धर्माचीं नाहींत, आणि तसा भेद करूं नये असें ठरलें आहे. कोणाच्या घरांत डोकावूं नये, कोणाची बातमी कोणास सांगूं नये, हाही नियम आहे. पोलीस ठाण्यास व गांवच्या पोलीस पाटलांस याची रीतसर कल्पना दिली आहे. पाळ्यांची यादी देवळाच्या दाराशीं लावली असून सोमवार आणि गुरुवार माझे आहेत. गुडघे दुखतात, पण सडक सपाट आहे.

सहांपैकीं एका गाडीचा डायनमो चालत नाहीं, आणि मोझरीकडच्या फांट्यावर दिवे नाहींत. ज्या कोणाच्या घरीं जुना डायनमो पडून असेल, त्यानें तो येत्या रविवारीं मिस्सेनंतर माझ्याकडे आणून द्यावा.